वाळवीने खाल्लेला शब्द

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर दोन्ही हात लावा. एका हाताने उचलायला गेलात तर मनगट धरून बसाल, मग मला बोल लावू नका. पावणेचार किलो वजन आहे माझं, आणि पानं चौदाशे बारा. म्हणजे होती. आता त्यांतली धड किती उरली ते सांगतोच पुढे, कारण माझी गोष्टच तिथून वळते. जाफराबादच्या एका सार्वजनिक वाचनालयातला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश तो मीच.

माझा जन्म पुण्यातला. शिशाचे बारीक खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून माझी एकेक ओळ उभी केली ती चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराने. माझ्यात नुसते अर्थ नाहीत बरं का. शब्द कुठल्या देशातून आला, कुठल्या मुळातून फुटला, हेसुद्धा प्रत्येक अर्थाच्या शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं आहे. ती अक्षरं जुळवताना तो म्हातारा पुटपुटायचा, "वाचणार कोण हे? उगीच माझे डोळे घालवतात." मला तेव्हा फार राग यायचा त्याचा.

एसटीच्या टपावर पोत्यांच्या मध्ये दडपून मी जाफराबादला आलो, तेव्हा जालना जिल्हाही झाला नव्हता. मला उतरवून घेतलं ते नरहररावांनी. चोवीस वर्षांचे ग्रंथपाल, नुकतीच नोकरी लागलेली. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, धोतराच्या सोग्याने माझी पाठ पुसली आणि खिडकीजवळची जागा दिली. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या!

नरहररावांनी माझ्यासाठी एक रिवाज घालून दिला होता. शब्द विचारायला येईल त्याने बसायचं. ते अर्थ वाचून दाखवणार, मूळ वाचून दाखवणार, आणि मग विचारणाऱ्याने तो अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. तो बरोबर आला तरच उठायचं. मॅट्रिकची पोरं वैतागायची. "काका, पेपर आहे उद्या, जाऊ द्या ना." पण नरहरराव ऐकतील तर शपथ! "पाठ केलेलं पेपरपुरतं राहतं. आपल्या तोंडाने सांगितलेलं घरापर्यंत जातं," असं म्हणायचे आणि पोराला पुन्हा खाली बसवायचे.

एकदा पेरणी उरकल्यावर एक तरणा शेतकरी बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन आला. भुजंग त्याचं नाव, गाव जाफराबादहून चार मैलांवर. हायब्रीड ज्वारीचं थोडं बी उरलं होतं त्याच्याकडे. धुऊन, शिजवून बैलाला घालावं असं त्याच्या मनात होतं. पिशवीवर सगळं इंग्रजीत, आणि मधोमध एक शब्द मोठ्या अक्षरात: 'ट्रीटेड'.

"ह्याचा अर्थ कळल्याबिगर मी बैलाच्या तोंडाशी न्हेणार न्हाई," भुजंग म्हणाला.

नरहररावांनी माझं पान काढलं. उपचार केलेले, औषध लावलेले, असा अर्थ निघाला. रिवाजाप्रमाणे भुजंगला विचारलं तर तो पांढराफटक पडून म्हणाला, "म्हंजे काका, बियावर गुलाबी रंग दिसून राह्यला ते जहर हाय." बैल वाचला. त्या दिवसापासून भुजंगने एक गाठ बांधली: कागदावरच्या ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही, त्या कागदावर सही करायची नाही. सोसायटीचा कागद असो, विजेच्या खांबाचा असो, हा माणूस अर्थ विचारल्याशिवाय पेन हातात घ्यायचा नाही. तलाठी कपाळाला हात लावायचा. मला मात्र तो माणूस फार आवडायचा.

अशी चांगली पंचवीस-तीस वर्षं गेली. मग मोबाईल आला. मी काही त्याला नावं ठेवत नाही, बिचारा दिवसभर राबतो. पण त्याच्यामुळे माझ्या पानांना बोट लागेनासं झालं. नरहरराव निवृत्त झाले, रोज सकाळी पेपर वाचायला तेवढे येत. नव्या व्यवस्थेत माझी खिडकीजवळची जागा गेली. आधी मी कपाटावर गेलो, मग कपाटाखाली. वारं सुटलं की दार आपटू नये म्हणून मला दाराला टेकवत. चौदाशे बारा पानं, आणि काम काय तर दार धरायचं! पुढे तेही काम गेलं आणि मला ओल आलेल्या भिंतीलगत सरकवलं. तिथे वाळवी होती.

वाळवी चावते तेव्हा दुखत नाही, मित्रांनो. तेच वाईट आहे. मला वाटायचं, कुणीतरी पानं चाळतंय. इतक्या वर्षांनी कुणीतरी चाळतंय म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. केवढा मूर्ख मी!

तर गेल्या माघात, एका शनिवारी सकाळी, तीन माणसं वाचनालयात आली. पुढे भुजंगराव, आता मिशा पिकलेले. मागे त्यांच्या घरच्या उषाबाई. आणि त्यांच्या मागे हातात पाकीट घेतलेली त्यांची मुलगी मीना, तेवीस वर्षांची. जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. डोळे रडून लाल झालेले.

पेपर वाचत बसलेल्या नरहररावांनी वर पाहिलं. "या भुजंगराव. बऱ्याच दिवसांनी?"

"काका, ते मोठं बुक कुठाय? आपलं?"

'आपलं' म्हणाले! भिंतीलगत धुळीत पडलो होतो, तरी माझा जीव हरखला.

"काय शब्द आहे?" नरहररावांनी विचारलं.

मीनाने पाकिटातलं पत्र काढलं. तिची कंपनी तिला दहा महिन्यांसाठी ब्राझीलला पाठवत होती, तिथल्या बियाणे केंद्रात मिरचीवरचे रोग शिकायला. सगळ्या जिल्ह्यातून दोघीच निवडल्या होत्या. पत्रावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'ट्रान्सकॉन्टिनेन्टल ट्रेनी'. खाली घरच्यांच्या सहीची जागा होती. सोमवारी दुपारपर्यंत सही पोहोचली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"ट्रेनी म्हंजे शिकाऊ, ते कळलं," भुजंगराव म्हणाले. "पण हे पहिलं काय हाय? अर्थ कळल्याबिगर मी सही करत न्हाई. कधीच केली न्हाई."

"अप्पा, मोबाईलवर दाखवलं ना तुम्हाला. आंतरखंडीय."

"ते तरी कळलं का मला? एका न कळणाऱ्या शब्दाला दुसरा न कळणारा शब्द देऊन मोकळं झालं तुझं मोबाईल. ह्या बुकात नीट फोड करून सांगतेत. काका, काढा."

नरहरराव वाकले. मला दोन्ही हातांनी उचललं. टेबलावर ठेवून धूळ झटकली आणि मागचा भाग उघडला. टी अक्षर. आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

माती भुरभुरली माझ्यातून. जवळजवळ ऐंशी पानांना आरपार भोक पडलं होतं, तळहाताएवढं. 'ट्रान्सकॉन्टिनेन्टल' जिथे असायला हवा होता तिथून खालचं लाकडी टेबल दिसत होतं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चाळीस मैलांवरच्या जालन्याला नव्हे, सात समुद्र ओलांडायला निघालेली एक पोर माझ्या दारात आली होती. ज्याचा माझ्यावर भरवसा होता असा बहुधा शेवटचा माणूस समोर बसला होता. आणि मी काय दाखवत होतो? माती!

"अरेरे," नरहरराव म्हणाले. "रोज येत होतो मी इथे. एकदा उघडून पाहिलं नाही."

भुजंगराव भोकाकडे पाहत राहिले. मग उठले. "झालं तर मंग. बुकातच न्हाई तो शब्द. आता काय राह्यलं? चल मीने, घरी चल."

मीनाने पत्र छातीशी धरलं आणि तिला हुंदका फुटला. "अप्पा, असं नका ना करू. दोन वर्षं वाट पाहून राह्यले मी याची."

तेव्हा उषाबाई पुढे झाल्या. पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मी सांगते काका, खरं काय ते. शब्दाचं नाव पुढं करून राह्यले हे. पोरगी इतक्या लांब जाईल, परत येईल का न्हाई, आली तर आपली राहील का न्हाई, म्हणून भेव वाटून राह्यलंय ह्यांना. चार रात्री झाल्या, कूस बदलून राह्यलेत नुसती. अन् मला न्हाई का वाटत भेव? मी काय दगडाची हाय? पण मी तिला थांबवत न्हाई."

भुजंगरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "भेव तर वाटतंच," ते हळूच म्हणाले. "भेव वाटत न्हाई असं कुठं म्हणालो मी? पण सही करायची तर कशावर करून राह्यलो ते तर कळू द्या."

"बसा, भुजंगराव," नरहरराव म्हणाले. "शब्द मेला नाही. त्याची हाडं शिल्लक आहेत. जोडून बघू."

त्यांनी चष्मा नाकावर नीट केला. भोकाच्या वर पानाचा माथा शाबूत होता, आणि तिथे, अगदी कडेला, एक छोटी ओळ उरली होती: 'ट्रान्स'. नरहररावांनी बोट ठेवून वाचलं. "लॅटिन भाषेतलं. पलीकडे, पार, ओलांडून. हा झाला शब्दाचा पहिला तुकडा."

"ट्रान्स म्हंजे पल्याड," भुजंगराव म्हणाले. "बरं. पुढं?"

"पुढचा कॉन्टिनेन्ट. तो सी मध्ये. तिकडे वाळवी पोहोचली नसेल तर बरं."

माझा जीव टांगणीला लागला. नरहररावांनी सुरुवातीकडचा भाग उघडला. पान पिवळं पडलं होतं, पण अख्खं होतं. हुश्श! म्हाताऱ्या कामगाराने डोळे घालवून जुळवलेली ती मुंगीएवढी अक्षरं जशीच्या तशी होती. नरहररावांना ती दिसेनात. त्यांनी मला मीनाकडे वळवलं आणि म्हणाले, "तू वाच, तुझे डोळे तरुण आहेत."

मीनाने डोळे पुसले आणि वाचलं. "कॉन्टिनेन्ट. खंड. लॅटिन. कॉन म्हणजे एकत्र, तेनेरे म्हणजे धरणे. सलग जमीन, एकमेकीला धरून असलेली."

"काय म्हणालीस?"

"एकमेकीला धरून असलेली जमीन, अप्पा."

भुजंगराव पुढे सरकले. "आपण तर खंड म्हणतो. खंड म्हंजे तुकडा. तुटलेला. मला वाटलं, तिकडं जायचं म्हंजे इथून तुटायचं. म्हणून तर..."

"आपल्या भाषेत तसंच आहे," नरहरराव म्हणाले. "आपल्या पूर्वजांनी पृथ्वीकडे पाहिलं तर त्यांना तिचे भाग दिसले, म्हणून खंड. त्या लोकांनी पाहिलं तर त्यांना मैलोगणती सलग पसरलेली माती दिसली, म्हणून धरून असलेली. जमीन तीच. दोन्ही खरं."

नरहररावांना आता चेव चढला होता, तीस वर्षांपूर्वीसारखा. त्यांनी सी मधलीच आणखी काही पानं मागे उलटली. "भुजंगराव, शेडनेटमध्ये काय लावलंय यंदा?"

"मिरची. बियाण्याची. हिच्या हातचं क्रॉसिंग हाय." भुजंगरावांनी उषाबाईंकडे मान केली. जाफराबादकडे बायका सकाळी शेडनेटच्या जाळीखाली बसून फुलाफुलाला चिमट्याने पराग लावतात आणि वर रंगीत दोरा बांधतात. उषाबाईंचा हात त्यात तालुक्यात वाखाणलेला. "आमचं बियाणं परदेशात जातंय काका. कंपनीवाले सांगतेत."

"मीना, हे वाच."

मीनाने वाचलं आणि वाचता वाचता तिच्या ओठांवर हसू आलं. "चिली. मिरची. मूळ अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांमधून हिंदुस्थानात आली."

"मिरची?" भुजंगराव ताडकन उठले. "आपली मिरची? ठेच्यातली? बिलकुल न्हाई! माझ्या आज्यापंज्यापासून हाय ती."

"पाचशे वर्षांपूर्वी नव्हती," नरहरराव म्हणाले.

उषाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "घ्या! तिकडची मिरची येऊन आपल्या घरात मालकीण झाली, तिला कुणी परकी म्हणत न्हाई. अन् आपली पोरगी त्या मिरचीच्या माहेराला चार दिस जाऊन येणार तर ह्यांचा जीव खालीवर!"

भुजंगरावसुद्धा हसले. आधी मिशीत, मग मोठ्याने. मी चौदाशे पानं घेऊन इतकी वर्षं जगलो, पण माझ्या एका ओळीने कुणाला इतकं हसवलेलं मला आठवत नाही.

"आता रिवाज," नरहरराव म्हणाले. "उठायचं असेल तर तुमच्या शब्दांत सांगा."

भुजंगरावांनी टोपी मांडीवर ठेवली. बोटं हलत होती, एक जमीन, दुसरी जमीन असं काहीतरी टेबलावर मांडून बघत होती. मग म्हणाले, "एका जमिनीचं बोट धरून ठेवायचं अन् पाय पल्याडच्या जमिनीवर टाकायचा." आणि मान वर करून विचारलं, "बराबर हाय का काका?"

नरहररावांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या नोकरीत कुणी याच्याहून चांगला अर्थ सांगितला नाही," ते म्हणाले.

"मंग दे इकडं," भुजंगराव लेकीला म्हणाले. पत्र माझ्या उघड्या पानावर ठेवलं आणि सही केली. दाबून, सावकाश, पूर्ण नाव. मीना त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ते तिच्या डोक्यावर हात फिरवत म्हणत होते, "जल्दी कर आता, सोमवार यायला येळ लागत न्हाई."

मीना गेली. तीन विमानं बदलून, आफ्रिका खालून सरकताना पाहत, दक्षिण अमेरिकेत उतरली.

इकडे माझं नशीबही फिरलं. नरहररावांनी त्याच आठवड्यात वाचनालयाच्या लोकांना गोळा केलं आणि चांगलं खडसावलं, स्वतःलाही सोडलं नाही. मला अंगणात ऊन दाखवलं, पान न् पान झटकलं, भिंतीला औषध मारलं. माझ्या भोकाला पातळ कागदाचं ठिगळ लावलं. गेलेले शब्द नरहरराव दुसऱ्या कोशातून बघून एकेक लिहून काढताहेत. रोज पाच शब्द होतात. बहात्तरावं वर्ष लागलंय, पण अक्षर अजून वळणदार आहे. ठिगळावरचा पहिला शब्द मात्र त्यांनी दुसऱ्या कोशातून घेतला नाही. 'ट्रान्सकॉन्टिनेन्टल' लिहिलं, आणि पुढे भुजंगरावांचा अर्थ त्यांच्याच शब्दांत. खाली बारीक अक्षरात: 'भुजंगराव, जाफराबाद तालुका.' छापील पानांना थोडा हेवा वाटतो त्या ओळीचा. मला नाही वाटत. मी मिरवतो.

भुजंगराव आता दर शनिवारी संध्याकाळी पाचला येतात. तिकडे तेव्हा सकाळ असते. मीना फोनवर नवे नवे शब्द सांगते, आणि नरहरराव मला उघडतात. पहिल्या फोनच्या दिवशी मात्र शब्द राहिला बाजूला. भुजंगरावांनी पहिला प्रश्न काय विचारावा? जेवलीस का, नाही. थंडी आहे का, नाही.

"मीने, जमीन कशी हाय तिथली?"

"तांबडी आहे अप्पा. आपल्यासारखी काळी न्हाई. पण पाऊस पडला की वास तसाच येतो."

"मंग वाकून हात लाव तिला. पाया पड. म्हणावं, माझ्या बापानं सांगितलंय, पोरीला सांभाळ म्हणून."

फोनमध्ये काही वेळ वाऱ्याचा आवाज आला. मग मीनाचा आवाज. "लावला, अप्पा."

भुजंगरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा तळहात माझ्या पानावर पसरलेला होता, जणू तेच तिथल्या मातीला हात लावत होते. उषाबाई शेजारी बसून डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, वाचनालयात, घरातल्या माळ्यावर माझ्यासारखं एखादं जाडजूड बुक पडलेलं असेलच. मोबाईल खुशाल वापरा. पण वर्षातून दोनदा त्या बुकाला ऊन दाखवा, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि कधीतरी उगीचच एखादं पान उघडून मोठ्याने वाचा. माझं त्या दिवशी दैव बलवत्तर म्हणून शब्दाची दोन हाडं उरली होती. आणखी एक पावसाळा मी त्या भिंतीशी पडून राहिलो असतो तर तीही गेली असती, आणि मीना आज इकडेच असती, खिडकीशी बसलेली, न गेलेली. वाळवीला काय कळतं, कुठला शब्द कुणाच्या वाटेवरचा आहे? ते तुम्हाला कळतं.